स्प्रेंगेरी आणि फॉक्सटेल एकच की वेगळे? सासूबाईंचं झाड पिवळं पडतंय

गॅलरीतली_बाग (इंदूर), २७ एप्रिल

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट उत्तर देता यायचं नाही.

आमचं घर राजवाड्याच्या मागच्या बाजूला, जुनं, लाकडी गॅलरीचं. गॅलरी उत्तरेला, त्यामुळे उजेड भरपूर पण ऊन जवळजवळ नाहीच. कठड्याला सासूबाईंनी टांगलेली एक कुंडी आहे. त्यातल्या झाडाला घरात सगळे 'शतावर' म्हणतात. मी १९९८ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते होतंच. सुयांसारखी बारीक पानं आणि हातभर लांब, खाली लोंबणाऱ्या फांद्या. सासूबाई रोज सकाळी चहाच्या आधी त्याला तांब्याभर पाणी घालायच्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आता ते काम माझ्याकडे.

मागच्या दिवाळीत मी बायपासकडच्या एका नर्सरीतून दुसरं झाड आणलं. त्याच्या सुया तशाच हिरव्या, पण फांद्या लोंबत नाहीत. उभे, गुबगुबीत तुरे येतात, मांजराने शेपूट फुलवावी तसे. चिठ्ठीवर नाव 'एस्पेरेगस डेन्सिफ्लोरस'. गंमत म्हणजे तिथेच टांगलेली जी कुंडी आमच्या जुन्या झाडासारखी दिसत होती, तिच्यावरही हीच चिठ्ठी. माळ्याला विचारलं तर म्हणाला, "भाभीजी, एक ही चीज़ है, ये अभी छोटा है, बड़ा होके लटकेगा." मला काही ते पटलं नाही.

आता मुख्य अडचण. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे मिरवणुकीत, आमच्या गल्लीपर्यंत रंग उडतो, म्हणून आदल्या दिवशी मी जुनी कुंडी गच्चीवर नेऊन ठेवली. नंतर माझा गुडघा धरला, जिना चढणं बंद झालं आणि कुंडी महिनाभर तिथेच राहिली. मुलगा रोज पाणी घालत होता. मागच्या आठवड्यात खाली आणली तर निम्म्या फांद्या पिवळ्या. हात लावला की सुया झरझर गळतात, रोज सुपलीभर केर निघतो. रोज पाणी घालतेय तरी सुधारणा नाही. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते प्यायला. झाडांना बोअरचं. नवीन झाड जिन्याच्या खिडकीत होतं, ते ठीक आहे.

आणखी एक. नणंदेची मुलगी बाळंतीण आहे, दूध कमी येतंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरचीच शतावर आहे, मुळं काढा, दुधात उकळून द्या. मी अजून दिलेलं नाही. द्यावं का?

पुष्पसजावट (इंदूर), २७ एप्रिल

ताई, मी लग्नाच्या स्टेजची आणि बुकेची कामं घेते, दोन्ही फांद्या रोज हातात असतात. एकच मुळीच नाहीत. लोंबणारी ती स्प्रेंगेरी, उभी ती फॉक्सटेल. आमचे पुरवठादार फॉक्सटेलला नुसतं 'फॉक्स' म्हणतात. बुकेत फॉक्सटेल दहाबारा दिवस सहज टिकते. स्प्रेंगेरी लवकर सुया टाकते आणि तिचे काटे बोटांना लागतात, जरबेऱ्याच्या देठांमध्ये खोवताना हमखास. गुलाबाच्या बुकेला जी जाळीसारखी पातळ फांदी देतो ती तिसरीच, तिला आम्ही प्लूमोसा म्हणतो.

पिवळेपणाचं मला नीट सांगता येणार नाही. इथे माळव्याची_माती म्हणून एक काका आहेत, ते बघतीलच.

माळव्याची_माती (इंदूर), २८ एप्रिल

ताई, सगळ्यात आधी ते दुधाचं. देऊ नका. काकूंना आजच सांगा.

औषधातली शतावरी म्हणजे अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस. ती आपल्याकडची रानातली काटेरी वेल आहे. चोरलच्या बाजूच्या जंगलात झुडपांवर चढलेली सापडते. तिची मुळं बोटभर जाडीची, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, एका झुपक्यात कितीतरी. तुमच्या कुंडीतलं झाड तिच्याच नात्यातलं, पण ते दक्षिण आफ्रिकेतून शोभेसाठी आलेलं. त्याची मुळं बारीक, आणि मुळांवर मधेमधे गोल गड्डे, बोराएवढे ते छोट्या बटाट्याएवढे. हे औषध म्हणून वापरायचं झाड नव्हे. त्याची लाल फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, रस सारखा लागत राहिला तर कातडीवर पुरळ उठतं. नर्सरीत दोन्हींना 'शतावर' म्हणतात एवढ्याने ती एक होत नाहीत. बाळंतिणीला दूध कमी येत असेल तर तिच्या डॉक्टरांना विचारा.

आता तुमची दोन झाडं. मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. सुदामा नगरात घर आहे आणि ही दोन्ही झाडं माझ्याकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ आहेत. तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. या दोन वेगळ्या जाती आहेत. फॉक्सटेल कितीही मोठी झाली तरी लोंबणार नाही.

डोळे मिटून सुद्धा ओळखता येतात. स्प्रेंगेरीची फांदी बुडाशी धरा आणि बोटं टोकाकडे हळू सरकवा. सुया विरळ, चपट्या, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या, मधेमधे मोकळी जागा, आणि सांध्यापाशी बारीक काटा टोचतो. आता फॉक्सटेलचा तुरा मुठीत धरा. हाताला दांडी लागतच नाही, नुसती मऊ भरगच्च गादी लागते. कारण तिच्या मुख्य दांडीला सगळ्या बाजूंनी आखूड उपफांद्या असतात, खाली जरा लांब आणि टोकाकडे आखूड होत गेलेल्या. म्हणून ते शेपटीसारखं निमुळतं दिसतं. दांडी ताठ, फूट-दीड फूट उभी राहते. स्प्रेंगेरीची दांडी लवचीक, ती आधी वर येते, मग स्वतःच्या भाराने वाकते आणि मीटरभर खाली जाते.

तुम्ही 'पानं' म्हणालात त्या सुया दोन्हींतही पानं नाहीत, त्या फांद्याच आहेत. शास्त्रात त्यांना क्लॅडोड म्हणतात. खरं पान म्हणजे सुयांच्या बुडाशी असलेला कागदासारखा इवलासा खवला. भिंग असेल तर जरूर बघा, मुलांना दाखवा. लोक यांना 'फर्न' म्हणतात, पण यांना फुलं येतात, फळं येतात, बी होतं, आणि फर्नला यातलं काहीच नसतं. आम्ही शिकलो तेव्हा ही झाडं पलांडू कुलात, म्हणजे कांद्याच्या नात्यात घालत. आता त्यांचं स्वतंत्र कूळ मानतात.

चिठ्ठीच्या गोंधळाला मात्र मी नर्सरीवाल्याला दोष देणार नाही, तो पुस्तकांतूनच आलेला आहे. स्प्रेंगेरी हे नाव कार्ल स्प्रेंगर या जर्मन माणसावरून पडलं. तो इटलीत नेपल्सला राहून झाडांचा व्यापार करी, त्याच्यामुळे हे झाड युरोपभर पसरलं. सेंट पीटर्सबर्गच्या रेगेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९० साली त्याला अ‍ॅस्परॅगस स्प्रेंगेरी असं नाव दिलं. पुढे १९६६ साली जेसप या अभ्यासकाने दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅस्परॅगसची नव्याने मांडणी केली, तेव्हा ते डेन्सिफ्लोरस या जातीत घातलं गेलं. बागकामाच्या पुस्तकांनी तेच उचललं. एकाच जातीचे दोन वाण, एक स्प्रेंगेरी आणि एक मायर्सी, म्हणजे आपली फॉक्सटेल. नंतर लक्षात आलं की स्प्रेंगेरी ही लिनेयसने १७६७ सालीच ज्याला अ‍ॅस्परॅगस एथिओपिकस म्हटलं होतं त्या जातीतली आहे. आज स्प्रेंगेरीचं नाव एथिओपिकस, आणि फॉक्सटेल डेन्सिफ्लोरसमध्येच राहिली. चिठ्ठ्या छापणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. एथिओपिकस म्हटलं म्हणून ती इथिओपियाची समजू नका. जुन्या काळी युरोपातले लोक आफ्रिकेतल्या कुठल्याही झाडाला ते विशेषण लावत.

हे नावाचं इतकं सांगतो त्याला कारण आहे. एकच झाड समजून लोक दोघांना एकच वागणूक देतात, आणि त्यात फॉक्सटेलचं नुकसान होतं. स्प्रेंगेरी एखाद्या आठवड्याचं दुर्लक्ष सोसते, कमी उजेडातही तग धरते. फॉक्सटेलला उजेड कमी पडला की तुरे विरळ होतात आणि खिडकीकडे मान टाकतात. तिला सकाळचं कोवळं ऊन दोन तास मिळालं तर ती खरी फुलते. आणि तिच्या तुऱ्याचं टोक कधी छाटू नका. छाटलेला तुरा पुन्हा वाढत नाही, बोडकाच राहतो. काढायचा तर बुडापासून काढा.

आता पिवळेपणा. सावलीत पंचवीसेक वर्षं वाढलेलं झाड ऐन चैत्रात गच्चीच्या उन्हात गेलं, हे एक कारण आहेच. पण तुम्ही म्हणता रोज पाणी घालूनही सुया गळतात, त्यावरून मला वेगळी शंका आहे. मला तीन गोष्टी सांगा. कुंडी शेवटची कधी बदलली? आत माती कोणती? आणि पाणी घातल्यावर खालून किती वेळात निघतं?

गॅलरीतली_बाग, २८ एप्रिल

काका, काकूंना सांगून आले. त्यांनी लगेच ऐकलं.

कुंडी माझ्या डोळ्यांदेखत कधीच बदललेली नाही. माती काळी, सासूबाईंच्या माहेरच्या शेतातली. पाणी घालून बघितलं. तांब्या रिकामा होईपर्यंत खालून धार लागली होती. मला आजवर वाटायचं, पाणी निघतंय म्हणजे चांगलंच आहे.

माळव्याची_माती, २८ एप्रिल

तेच. झाड तहानलेलं आहे, ताई.

ते जे गोल गड्डे म्हणालो, ते झाडाच्या पाण्याच्या टाक्या आहेत. वर्षानुवर्षं ते वाढत जातात, माती बाहेर ढकलतात, आणि शेवटी कुंडीत माती मूठभर आणि गड्डेच गड्डे उरतात. त्यात आपली काळी माती. ओली असते तेव्हा लोण्यासारखी, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. त्या फटीतून पाणी सरळ खाली जातं. वरून रोज तांब्या, आत कोरडं. गॅलरीत सावली होती म्हणून गड्ड्यांतल्या साठ्यावर निभत होतं. गच्चीवर महिनाभरात तो साठा संपला.

आज एवढंच करा. मोठ्या टबात पाणी भरा आणि कुंडी अख्खी त्यात बसवा, पाणी काठाच्या बोटभर वर येऊ द्या. बुडबुडे येतील. ते थांबेपर्यंत कुंडी हलवू नका, पंधरावीस मिनिटं लागतील. मग निथळून परत उत्तरेच्या गॅलरीत. दर चारपाच दिवसांनी असंच करा, मधे वरून घालायची गरज नाही. पूर्ण पिवळ्या फांद्या बुडापासून कापा, अर्ध्या हिरव्या राहू द्या. खत आता अजिबात नको. शक्य असेल तर या झाडाला नर्मदेचंच पाणी द्या. बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो ना, तेच क्षार आत मुळांशीही साचतात.

कुंडी मात्र आत्ता फोडू नका. वैशाखात मुळं उघडी केली तर नवीन धरायला वेळ मिळत नाही. पाऊस नीट लागला, हवेत ओल आली, की मग विभागणी. आणि त्या वेळी एक गोष्ट लक्षात ठेवा, मी ती नुकसान करून शिकलो आहे. मी पहिल्यांदा कुंडी फोडली तेव्हा इतके सुंदर पांढरे गड्डे निघाले की डेलियासारखे वेगळे करून अकरा पिशव्यांत लावले. मूळ झाडाचा मधला गाठाळ भाग वाळका वाटला म्हणून टाकून दिला. सबंध पावसाळा वाट पाहिली, एकालाही कोंब आला नाही. गड्ड्याला डोळा नसतो, त्यात फक्त पाणी असतं. कोंब येतात ते मधल्या त्या गाठीतूनच. जे झाड मी घालवलं ते मला माझ्या गुरूंनी दिलेलं होतं. म्हणून प्रत्येक तुकड्याला गाठीचा भाग आणि निदान दोनतीन फांद्या हव्यातच.

कमाटीबागेजवळ (बडोदा), ३० एप्रिल

काकांच्या गड्ड्यांच्या मुद्द्याला माझा दुजोरा, पण उलट्या बाजूने. आम्ही बंगल्याच्या कंपाउंडला लागून स्प्रेंगेरी जमिनीत लावली होती. पांढरी बारीक फुलं आली, मग लाल टपोरी फळं, आणि बुलबुलांनी ती संपवली. पुढच्या वर्षी कडुनिंबाखाली रोपं, गटाराच्या फटीत रोपं, शेजाऱ्यांच्या तुळशीवृंदावनात सुद्धा. ऑस्ट्रेलियात आणि फ्लोरिडात हेच झाड रानात घुसून मोठं तण झालंय, हे मला नंतर वाचून कळलं. तिथेही पक्षीच बी नेतात.

शेवटी काढायला घेतली. सगळे गड्डे खणून काढणं अशक्य होतं, खुरप्याखाली संपतच नव्हते. माळ्याने फक्त मधली गाठ करवतीने कापून उचलली, गड्डे जमिनीतच राहिले. दोन पावसाळे झाले, एकही कोंब नाही.

फॉक्सटेल माझ्याकडे आठ वर्षं आहे. तिला फळं धरतात, पण अगदी थोडी, आणि आपोआप उगवलेलं रोप मला एकदाही दिसलेलं नाही. म्हणून जमिनीत लावायची तर फॉक्सटेल लावा. स्प्रेंगेरी कुंडीतच ठेवा आणि फळं लाल व्हायच्या आत काढून टाका. घरात कुत्रा-मांजर असेल तर नक्कीच काढा. आमच्या कुत्रीने खाली पडलेली चारपाच फळं खाल्ली आणि रात्रभर ओकत होती.

पुष्पसजावट, ३० एप्रिल

फळांचं मला माहीत नव्हतं. लाल फळं लागलेल्या फांद्या दिसायला छान म्हणून मी बारशाच्या पाळण्याला बांधत होते. आता बांधणार नाही. कोणाकडे स्प्रेंगेरीचा तुकडा निघाला तर मला पण हवाय.

गॅलरीतली_बाग, १२ जुलै

काका, उशिरा लिहितेय, पण सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं.

पहिल्या दिवशी टबात कुंडी बसवली तर बुडबुडे पंचवीस मिनिटं येत होते. दीर शेजारी उभे राहून बघत होते, ते म्हणाले, वहिनी, हे तर घटाघटा पितंय. नंतर कुंडी उचलायला आम्ही दोघं लागलो, एवढी जड झाली. मे महिन्याच्या मध्यापर्यंत गळणं थांबलं. निम्म्या फांद्या गेल्या, झाड अगदी उघडं दिसत होतं. सासूबाईंची ओळखीची माणसं गॅलरीखालून जाताना विचारायची, काय झालं त्याला.

पाऊस लागल्यावर मागच्या रविवारी कुंडी फोडली. फोडली म्हणजे काय, ती आधीच तडकलेली होती, वरच्या गेरूमुळे दिसत नव्हतं इतकंच. आत माती खरंच नव्हती. पांढऱ्या गड्ड्यांचा एक ठोकळा, कुंडीच्या आकाराचा, कुंडीच्या आतल्या रेषासुद्धा त्यावर उमटलेल्या. सुरी आत जाईना. दिरांनी हॅकसॉ आणली आणि मधल्या गाठीतून आडवं-उभं कापून चार तुकडे केले. कापताना गड्डे फुटून हातावर पाणी उडत होतं. रसाने पुरळ उठतं म्हणाला होतात, म्हणून हातमोजे घातले होते.

तळाच्या भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवलेला सापडला. आमच्या मागच्या पडवीचं जुनं छप्पर होतं ना, त्याचंच कौल. तोच तुकडा नव्या कुंडीच्या तळाशी तसाच पालथा घातला. मिश्रणात काळी माती एक भाग, नदीची वाळू एक भाग, जुनं शेणखत एक भाग आणि मूठभर निंबोळी पेंड. काठापासून तीन बोटं जागा मोकळी सोडली.

आज सकाळी त्यातून दोन कोंब आलेत. पेन्सिलीपेक्षा बारीक, फिक्या हिरव्या रंगाचे, अंगावर खवले, सुया अजून उघडलेल्या नाहीत. तुमचे ते कागदी खवले मुलीने भिंगातून बघितले. फॉक्सटेल पूर्वेच्या खिडकीत हलवलीय, तिचा कललेला तुरा तसाच आहे, पण नवीन आलेले दोन्ही सरळ आहेत.

एक तुकडा आमच्या गॅलरीत, एक नणंदेकडे गेला, एक काका तुमच्यासाठी ठेवलाय, तुमच्या गुरूंचं झाड गेलं म्हणालात म्हणून. चौथा ओल्या पोत्यात गुंडाळून जिन्याखाली आहे. पुष्पसजावट ताई, तो तुमचा. फार दिवस तसा ठेवता येणार नाही, या आठवड्यातच घेऊन जा.

माळव्याची_माती, १२ जुलै

येतो ताई, शनिवारी सकाळी. कुंडी मी आणतो. नव्या कोंबांना तेवढं गोगलगायींपासून जपा, पावसाळ्यात रात्रीतून टोक खातात, आणि टोक गेलेला कोंब पुढे वाढत नाही.